नित्यनेमाचे गाणे

इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या कोणालाही सॉल्सबरी हे गाव सर्वस्वी अपरिचित नसते. पुष्कळदा ते फक्त दुसऱ्या नावाने भेटलेले असते. हार्डीच्या कादंबऱ्यांत ते 'मेल्चेस्टर' होऊन येते. ट्रोलपला 'द वॉर्डन' (१८५५) ही कादंबरी सुचली ती या गावच्या कॅथेड्रलच्या परिसरात एका उन्हाळी संध्याकाळी फिरताना, असे त्यानेच आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. विल्यम गोल्डिंग याच आवारातल्या एका शाळेत अनेक वर्षे शिक्षक होता, आणि त्याची 'द स्पायर' (१९६४) ही कादंबरी मध्ययुगीन कॅथेड्रलवर शिखर चढवण्याच्या हट्टाची कथा आहे. जॉर्ज हर्बर्ट १६३० ते १६३३ या आयुष्याच्या अखेरच्या काळात सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन गावी धर्मोपदेशक होता. या सर्वांना जोडणारा दुवा कोणता, असे विचारले तर उत्तर येते ते तिथल्या १२३ मीटर उंचीच्या शिखराचे. ब्रिटनमधले ते सर्वांत उंच चर्चशिखर, तेव्हा हे उत्तर स्वाभाविकच म्हणायचे.

परंतु जरा कान देऊन वाचले तर दुसरा एक दुवा हाती लागतो. ट्रोलपचा नायक सेप्टिमस हार्डिंग हा कॅथेड्रलचा प्रिसेंटर, म्हणजे तिथल्या गायनाची जबाबदारी वाहणारा अधिकारी आहे. गोल्डिंगच्या कादंबरीत वाढत्या शिखराचा भार असह्य होऊन दगडी खांबच गाऊ लागतात. हर्बर्ट तर आठवड्यातून दोनदा बेमर्टनहून सॉल्सबरीला चालत जाई, तो केवळ कॅथेड्रलचे संगीत ऐकायला. साहित्यिकांनी या वास्तूत जे पाहिले त्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांनी तिथे ऐकले आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही या ऐकण्याविषयी, म्हणजे सॉल्सबरी कॅथेड्रलच्या वृंदगानाच्या परंपरेविषयी लिहीत आहोत. निमित्त एका जुन्या वादाचे आहे. १९९१ साली या कॅथेड्रलने मुलग्यांच्या वृंदाच्या बरोबरीने मुलींचा स्वतंत्र वृंद उभा केला. इंग्लंडच्या मध्ययुगीन कॅथेड्रलांमध्ये असे पाऊल प्रथम याच कॅथेड्रलने उचलले, आणि शतकानुशतकांची परंपरा बुडाली अशी हाकाटी त्यावर झाली. त्यानंतर देशातल्या बहुतेक कॅथेड्रलांनी या ना त्या रूपात तीच वाट धरली. वाद आता थंडावला आहे. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न थंडावलेला नाही, आणि तो केवळ संगीताचाही नाही. परंपरा जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? साहित्याच्या अध्यापकाला हा प्रश्न अभ्यासक्रम ठरवताना रोज पडतो. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो: सॉल्सबरीच्या परंपरेचे मर्म गाणाऱ्यांच्या लिंगात किंवा त्यांच्या आवाजाच्या विशिष्ट पोतात नाही. ठरलेले शब्द ठरलेल्या वेळी, ऐकणारे कितीही थोडे असोत, मोठ्याने गाण्याच्या नित्यनेमात ते आहे. १९९१ साली हा नेम अधिक खांद्यांवर विसावला, इतकेच घडले.

हे पटवून द्यायचे तर आधी तो नेम काय आहे हे सांगितले पाहिजे. कॅथेड्रल म्हणजे बिशपच्या आसनाचे चर्च. अशा चर्चमध्ये संध्याकाळी होणाऱ्या गायनप्रधान उपासनेला 'इव्हनसाँग' म्हणतात. तिची घडण टॉमस क्रॅन्मरची. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात त्याने मठवासींच्या दिवसभर विखुरलेल्या लॅटिन प्रार्थना एकत्र आणून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोनच उपासना ठेवल्या. संध्याकाळच्या उपासनेत पूर्वीच्या सायंप्रार्थनेतून त्याने मरियेचे गीत घेतले आणि झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेतून वृद्ध शिमोनाचे गीत घेतले. एकात येशूच्या जन्माची वाट पाहणारी तरुणी गाते; दुसऱ्यात बाळ येशूला हातांत घेऊन, आता मरायला हरकत नाही म्हणणारा म्हातारा गातो. दोन्ही गीते लूकच्या शुभवर्तमानातली आहेत. त्यांच्या अलीकडे स्तोत्रे, पलीकडे प्रार्थना आणि एक 'अँथेम', म्हणजे वृंदासाठी रचलेले स्वतंत्र गीत. पाऊण तासाचा हा आकृतिबंध १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पक्का झाला आणि आजही ओळखू येईल असा टिकून आहे. त्याला तिकीट नसते आणि शेवटी टाळ्याही नसतात.

या उपासनेतला साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षपूर्वक ऐकावा असा भाग म्हणजे स्तोत्रगायन. प्रार्थनापुस्तकाने बायबलमधील १५० स्तोत्रांची विभागणी ३० दिवसांच्या सकाळ-संध्याकाळींत केली आहे. त्या क्रमाने गेल्यास महिन्याकाठी सर्व स्तोत्रे म्हणून होतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. आज सर्वत्र हा क्रम संपूर्ण पाळला जातोच असे नाही, परंतु त्यामागचे तत्त्व सर्वांना मान्य आहे. निवड करायची नाही, हे ते तत्त्व. स्तोत्रांत स्तुती आहे तशी सूडाची भाषाही आहे. ८८ व्या स्तोत्रासारखा, शेवटपर्यंत उजेडाची तिरीप न येणारा अंधारही आहे. १५ व्या दिवसाच्या संध्याकाळी ७८ वे स्तोत्र येते. त्यात ७३ कडवी आहेत, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांनी ती गायची असतात. आज मन प्रसन्न आहे म्हणून प्रसन्न स्तोत्र, असा प्रकार नाही. संहिता गाणाऱ्याच्या मनःस्थितीकडे पाहून येत नाही. गाणाराच तिच्याकडे जातो.

गाण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. 'अँग्लिकन चाँट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चालीत एकेरी प्रकारात अवघे दहा स्वरमेळ असतात, पहिल्या अर्धात चार आणि दुसऱ्यात सहा. दोन्ही अर्धांचा पहिला स्वर लवचीक असतो: ओळीत जितकी अक्षरे असतील तितकी त्या एका स्वरावर म्हणायची आणि शेवटच्या काही अक्षरांपाशी चाल वळवायची. चाल शब्दांना ओढून नेत नाही, शब्दांच्या मागून चालते. ग्रांथिक ओवीचे चरण अक्षरसंख्येच्या बाबतीत किती सैल असतात आणि शेवटच्या यमकाशी कसे सावरतात, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला यातली गंमत चटकन कळेल. गद्याचा श्वास न तोडता त्याला गेय करण्याची ही युक्ती आहे. वृंद दोन पक्षांत समोरासमोर उभा असतो. दक्षिणेकडची बाजू डीनची, उत्तरेकडची प्रिसेंटरची. कडवी दोन्ही बाजू आळीपाळीने उचलतात. हिब्रू स्तोत्रांचा मूळ छंदच मुळी असा दुपेडी आहे. पहिल्या अर्धात एक विधान येते, दुसऱ्या अर्धात तेच थोडे वळवून पुन्हा येते. वर्गात पाऊण तास खर्चूनही जी गोष्ट समजावता येत नाही ती दोन बाजूंनी येणारे हे गाणे पाच मिनिटांत समजावते.

आणखी एक पुरावा देतो, कारण तो थेट साहित्येतिहासाचा आहे. स्तोत्रांचा हा इंग्रजी अनुवाद माइल्स कव्हरडेलचा, १५३९ च्या 'ग्रेट बायबल'मधला. कव्हरडेलला हिब्रू येत नव्हते. त्याने लॅटिन आणि जर्मन भाषांतरांच्या आधाराने काम केले. १६११ साली अधिक काटेकोर असे अधिकृत भाषांतर आले. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात अन्य पाठांसाठी तेच स्वीकारले गेले. स्तोत्रे मात्र कव्हरडेलचीच राहिली, कारण शंभराहून अधिक वर्षे ती गायनवृंदांच्या आणि लोकांच्या जिभेवर घोळली होती. अधिक अचूक पाठापुढे मुखातला पाठ टिकला. भाषांतराच्या इतिहासात हे फार वेळा घडत नाही. कव्हरडेलच्या गद्याची लय इंग्रजी लेखकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानात गेली ती पुस्तकाच्या पानांइतकीच अशा गाण्यांतून.

आता 'शतकानुशतके अखंड' या शब्दप्रयोगाकडे वळू. सॉल्सबरीच्या गायनाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर हा शब्दप्रयोग फार काळ तग धरत नाही. आजच्या इमारतीचे काम १२२० साली सुरू झाले आणि १२५८ मध्ये तिचे अभिषेचन झाले. त्याआधी जवळच्या टेकडीवरच्या जुन्या कॅथेड्रलातच उपासनेची जी पद्धत घडू लागली ती पुढे 'सेरम विधी' या नावाने दक्षिण इंग्लंडभर पसरली. सेरम हे सॉल्सबरीचेच जुने नाव. एका गावाच्या उपासनापद्धतीने जवळजवळ एका देशाला वळण लावावे, हा केवढा गौरव! तरीही १५४९ मध्ये राजाज्ञेने लॅटिन विधी गेले आणि ज्या चर्चने तो विधी जगाला दिला त्याच चर्चला तो सोडावा लागला. भाषा बदलली, रचना बदलली, संगीताचा बराच भाग निरुपयोगी झाला. परंपराप्रेमींनी अश्रू ढाळावेत असा खरा क्षण तो होता. ज्या क्रॅन्मरच्या गद्याला आज परंपरा म्हणून कवटाळले जाते, ते गद्य त्या दिवशी परंपरेवर आलेली धाड होती.

दुसरा खंड १६४० च्या दशकातला. यादवी युद्धात पार्लमेंटची सरशी झाल्यावर १६४५ साली प्रार्थनापुस्तकावरच बंदी आली, देशभरचे कॅथेड्रल-वृंद मोडले आणि ऑर्गन उतरवले गेले. १६६० मध्ये राजसत्ता परतली तेव्हा दीड दशकाची पोकळी पडलेली होती. मुलांचा आवाज जेमतेम चार-पाच वर्षे टिकतो. तेवढ्या काळात थोरल्याने धाकट्याला शिकवायचे, अशी ही साखळी. ती तुटल्यामुळे लंडनच्या राजप्रासादातल्या उपासनागृहातसुद्धा वर्षभराहून अधिक काळ वरच्या सुरांसाठी मुले मिळाली नाहीत, आणि कॉर्नेट नावाची वाद्ये व प्रौढ पुरुषांचे कृत्रिम उंच आवाज वापरून वेळ निभावावी लागली, अशी साक्ष संगीतकार मॅथ्यू लॉक याने दिली आहे. तेव्हाच्या लोकांनी 'मुलग्यांचा आवाज नाही तर गाणेच नको' असे म्हटले नाही. गाणे चालू ठेवले, आवाज मागाहून जमवला. आमच्या मुद्द्याला याहून बळकट दाखला हवा असेल असे वाटत नाही.

परंपरेचे वाहकही देवदूत नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सॉल्सबरीचा ऑर्गनवादक असलेला जॉन फॅरंट १५९२ साली संध्योपासना चालू असताना उठून डीनच्या घरी गेला, सुरी काढून त्याच्या अंगावर धावला आणि परत येऊन गाण्यात सामील झाला. मायकेल वाइज हा गुणी संगीतकार १६६८ पासून तिथे ऑर्गनवादक होता. १६८७ साली रात्री गस्तवाल्याशी झालेल्या भांडणात त्याचा अंत झाला. एकोणिसाव्या शतकात तर एकंदर कॅथेड्रल-संगीताची अवस्था अशी होती की सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली या संगीतकाराला १८४९ मध्ये त्याविषयी जळजळीत पुस्तिका लिहावी लागली. वृंदातल्या मुलांचे हाल पाहून मरिया हॅकेट नावाची एक बाई दशकानुदशके देशभरची कॅथेड्रले पायाखाली घालत होती, अधिकाऱ्यांना पत्रे लिहून हैराण करत होती. मुलांना शिक्षण आणि निगा मिळावी म्हणून आयुष्य वेचणाऱ्या या बाईला त्या वृंदांत उभे राहण्याची मुभा अर्थातच नव्हती. या परंपरेतल्या स्त्रियांच्या वाट्याचे हे जणू संक्षिप्त चरित्रच आहे.

या पार्श्वभूमीवर १९९१ कडे पाहावे. रिचर्ड सील हे १९६८ पासून सॉल्सबरीचे संगीतप्रमुख होते. मुलग्यांचा वृंद ज्या तोलामोलाचा, त्याच तोलामोलाचा मुलींचा वृंद त्यांनी उभा केला. दोन्ही वृंदांना कॅथेड्रलच्या शाळेत शिक्षण, दोन्हींना आठवड्याच्या उपासनांत वाटा, दोन्हींबरोबर गायला तेच प्रौढ पुरुष. मुले-मुली एकाच वृंदात मिसळली नाहीत, हा त्या योजनेतला शहाणपणाचा भाग होता.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा पहिला आक्षेप सौंदर्यशास्त्रीय होता. मुलग्याच्या आवाजात, तो फुटण्याच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत, एक विलक्षण झळाळी येते. थोड्याच दिवसांत संपणार म्हणून तिच्यात करुणाही मिसळते. ही गोष्ट खरी आहे, आणि ऐकणाऱ्याला ती नाकारता येणार नाही. परंतु झळाळी हा परंपरेचा अलंकार असू शकतो. तिचा प्राण तोच, असे कशावरून? शिवाय ज्याला आज 'अस्सल इंग्रजी कॅथेड्रल नाद' म्हणतात तो पुष्कळसा विसाव्या शतकाने घडवला आहे, नभोवाणीने आणि ध्वनिमुद्रिकांनी. बीबीसीवरून इव्हनसाँगचे प्रक्षेपण १९२६ साली सुरू झाले. त्याआधीचे वृंद कसे ऐकू येत हे वेस्लीच्या तक्रारींवरून ताडता येते, आणि ते फारसे देवदुर्लभ नसावे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आणि म्हणून अधिक वजनदार होता. मुली आल्या की मुलगे गळतात; त्या वयाच्या मुलग्यांना गाणे हे 'मुलींचे काम' वाटू लागले की ते परत येत नाहीत, आणि मुलगे गेले की उद्याचे टेनर आणि बासही गेले. अनेक गावांतल्या साध्या चर्चवृंदांचा अनुभव या भीतीला दुजोरा देतो. सॉल्सबरीने स्वतंत्र वृंदांचा मार्ग पत्करला तो अशी भीती खरी ठरू नये म्हणूनच. या मार्गाची किंमतही आहे. पूर्वी जी उपासना रोज एकाच चमूच्या वाट्याला येई ती विभागली गेल्यामुळे प्रत्येक मुलाच्या गळ्यातून जाणारा संहितेचा वाटा कमी झाला. नित्यनेमालाच परंपरेचे मर्म मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही किंमत मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मात्र नेम कॅथेड्रलचा आहे, तो एकेका मुलाच्या हजेरीपटाने मोजायचा नसतो. शिवाय ज्यांच्या गळ्यातून एरवी एकही ओळ गेली नसती अशा मुलींच्या पिढ्या १९९१ पासून त्या संहितेसह वाढल्या, हा हिशेबही दुसऱ्या बाजूला मांडावा लागतो.

या हिशेबात आम्हांला सर्वांत बोलकी वाटते ती मरियेच्या गीताची नोंद. रोज संध्याकाळी उभे राहून गायचे हे गीत एका तरुण, सामान्य घरातल्या स्त्रीच्या तोंडचे आहे. सत्ताधीश आसनांवरून खाली येतील, दीनदुबळे उंचावले जातील, भुकेले तृप्त होतील आणि श्रीमंत रिकाम्या हातांनी परततील, असा त्याचा आशय. स्त्रीमुखातून आलेले इतके धीट उद्गार धर्मग्रंथांत थोडेच सापडतील. संगीतकारांना त्यातले स्त्रीत्व उमगत नव्हते असेही नाही. हर्बर्ट हॉवेल्सने या गीताला वेगवेगळ्या वास्तूंसाठी वेगवेगळ्या चाली दिल्या, त्यांतली एक १९६६ ची सॉल्सबरीसाठी. सत्ताधीशांचे पतन स्वरांत दाखवताना गीताच्या स्त्रीत्वाला बाधा येईल असा दांडगावा आपण टाळला, असे त्याने आपल्या रचनांविषयी सांगितले आहे. एवढी सूक्ष्म जाण असलेल्या रचना ज्या वृंदांच्या हाती जात, त्यांत मात्र एकही मुलगी नसे. कॅथेड्रलच्या रोजच्या उपासनेत १५४९ पासूनच्या ४४२ वर्षांत, मधले खंड सोडले तर, हे इंग्रजी गीत सॉल्सबरीचा वृंद गात होता, आणि एवढ्या अवधीत वृंदाच्या बाकांवरून ते कोणा मुलीने गायले नव्हते. संहिता रोज मोठ्याने उच्चारली जात होती, आणि तरीही ती कोणाच्या तोंडची आहे हे ऐकू येत नव्हते. वाचनाचा नेम आंधळाही होऊ शकतो, याची ही खूण. अध्यापकांनी ती मनावर घ्यावी. आपणही वर्षानुवर्षे काही पाठ शिकवत असतो.

इथे ट्रोलपच्या हार्डिंगकडे परत जाणे उपयुक्त ठरेल. हार्डिंग हा एका जुन्या धर्मादाय वृद्धाश्रमाचा वॉर्डनही आहे. मूळ दात्याने वृद्धांसाठी ठेवलेल्या उत्पन्नाचा मोठा वाटा काळाच्या ओघात वॉर्डनच्या पदरात पडू लागला आहे. सुधारक मंडळी त्यावर बोट ठेवतात, वर्तमानपत्र आग पाखडते, चर्चचे अधिकारी कायद्याच्या आधाराने त्याची पाठराखण करतात. खटला जिंकण्याची चिन्हे असतात. हार्डिंग मात्र रात्रभर विचार करतो, आपला हक्क कायदेशीर असेल पण न्याय्य नाही असे त्याला पटते, आणि तो वॉर्डनपद सोडतो. संभाषण असह्य झाले की हा साधा गृहस्थ नसलेल्या चेलोवर हवेतच गज फिरवू लागतो, हे वाचकांना आठवत असेल. जे सोडू नये ते त्याने सोडले नाही, हे महत्त्वाचे. तो कॅथेड्रलचा प्रिसेंटर राहतो आणि पूर्वीसारखाच प्रार्थना गात राहतो. उत्पन्न गेले, गाणे राहिले. परंपरेतला लाभ आणि परंपरेतले कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे ट्रोलपने या भित्र्या वाटणाऱ्या माणसाकरवी दाखवले. सुधारक आणि सनातनी या दोन्ही पक्षांना ते जमले नव्हते. मुलग्यांची मक्तेदारी हा असाच एक परंपरागत लाभ होता. तो सोडल्याने गाण्याचे कर्तव्य कणभरही उणे झाले नाही.

नेमाची कसोटी अलीकडे पुन्हा लागली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे इंग्लंडमधली चर्चे बंद झाली आणि वृंद गप्प झाले. एकत्र गाणे ही गोष्टच काही काळ धोक्याची ठरली. जानेवारी २०२१ मध्ये सॉल्सबरी कॅथेड्रलमध्ये लसीकरण केंद्र उघडले. वृद्ध माणसे लस घेऊन खांबांच्या रांगांमध्ये खुर्च्यांवर पंधरा मिनिटे थांबत, आणि तेवढा वेळ ऑर्गनवादक त्यांच्यासाठी वाजवीत असत. हा १८७७ सालचा विलिस ऑर्गन. वृंद गाऊ शकत नव्हता, तेव्हा जे शक्य होते ते चालू राहिले. १६६० मध्ये कॉर्नेटवर निभावून नेणाऱ्यांची जात हीच. पुढे वृंद परतले.

आता उरलेला प्रश्न पैशाचा आहे, आणि आमच्या मते या परंपरेची खरी परीक्षा इथून पुढे तिथेच होणार आहे. मध्ययुगात वृंदातल्या मुलांना कॅथेड्रल पोसत असे. गाण्याच्या बदल्यात अन्न, निवारा आणि अक्षरओळख, असा तो व्यवहार. आज वृंदातली मुले बहुतेक ठिकाणी शुल्क आकारणाऱ्या खाजगी शाळांतून येतात. शिष्यवृत्त्या असतात, तरी उरलेले शुल्क अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे राहते. त्यात जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. या कराच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे अप्रस्तुत आहे. मुद्दा असा की भुकेले तृप्त होतील आणि श्रीमंत रिकाम्या हातांनी परततील असे रोज गाणाऱ्या बाकांवर भुकेल्यांची मुले किती, हा प्रश्न ती संहिताच विचारते. १९९१ साली तिने स्त्रियांच्या बाबतीत विचारला होता तसा. काही कॅथेड्रलांनी सरकारी शाळांमधल्या मुलांसाठीही वृंदाचे दार उघडले आहे. ज्यांना परंपरेची खरोखर काळजी आहे त्यांनी आवाजाच्या पोतावर खर्च केलेली शाई या कामी वळवावी, अशी आमची सूचना आहे. त्यात ऐषाराम सोडावा लागेल, कदाचित नादाची थोडी सफाईही सोडावी लागेल.

सफाई सोडण्याविषयी हर्बर्टची एक गोष्ट आयझॅक वॉल्टनने त्याच्या चरित्रात (१६७०) सांगितली आहे. सॉल्सबरीच्या मित्रांकडे गाण्याबजावण्यासाठी निघालेल्या हर्बर्टला वाटेत एक गरीब माणूस दिसला. त्याचा घोडा ओझ्याखाली कोसळला होता. एरवी अत्यंत नीटनेटका असलेल्या हर्बर्टने अंगरखा उतरवला, ओझे काढायला आणि पुन्हा लादायला मदत केली आणि चिखलाने माखून तो मित्रांमध्ये पोहोचला. या अवतारात आल्याबद्दल कोणी टोकले, तेव्हा या कामाची आठवण आपल्याला मध्यरात्री संगीतासारखी वाटेल, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. बेमर्टनचे हर्बर्टचे घर पुढे विक्रम सेठ यांनी घेतले, आणि 'द रिव्हर्ड अर्थ' (२०११) या पुस्तकात संकलित झालेल्या त्यांच्या गेय रचनांपैकी काही हर्बर्टच्या काव्यबंधांवर बेतलेल्या आहेत. त्या ॲलेक रॉथ या संगीतकारासाठी लिहिलेल्या होत्या. म्हणजे कोलकात्यात जन्मलेल्या एका भारतीय कवीच्या हातीही या गाण्याचा एक धागा आला, आणि तो हाती येण्यासाठी त्यांना अँग्लिकन असण्याची गरज पडली नाही.

आम्हांलाही ती पडत नाही. आमच्या बहुसंख्य वाचकांना त्या उपासनेच्या श्रद्धेशी कर्तव्य नसेल, आणि सॉल्सबरीची वारी घडण्याचा योगही अनेकांना येणार नाही. बीबीसीवरचे साप्ताहिक प्रक्षेपण मात्र आजही सुरू आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी ऐकावे. त्यातल्या मोठ्या अँथेमपेक्षा स्तोत्रे ऐकावीत. कव्हरडेलचे वाक्य अर्ध्यावर कुठे थांबते आणि समोरची बाजू ते कसे उचलून धरते याकडे लक्ष द्यावे. मरियेचे गीत सुरू झाले की ते कोण गात आहे हे विचारावे. अध्यापकांनी पुढच्या वर्षी 'द वॉर्डन' शिकवताना हार्डिंगच्या हवेतल्या चेलोबरोबर त्याच्या रोजच्या नोकरीकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. कादंबरीतले बाकी सारे वाद एका निर्णयात संपतात. त्याची ती नोकरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सुरू होते.